‘माकडांवर यशस्वी’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर एका नव्या लसीची बातमी आहे. मथळा ‘माकडांवर लस शंभर टक्के यशस्वी’. खाली अकरा ओळी. माकडे कोणत्या जातीची होती, किती होती, त्यांना विषाणू कोणता आणि कुठल्या वाटेने दिला, लस टोचून किती दिवस झाल्यावर दिला, यांपैकी एकही गोष्ट त्या अकरा ओळींत नाही. शेवटची ओळ मात्र ठाम आहे: ‘माकडांची रोगप्रतिकारशक्ती माणसासारखीच असल्याने ही लस लवकरच सर्वांसाठी उपलब्ध होईल.’ या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे.

मी २६ वर्षे एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. माझे काम रक्ताचे. सकाळी माणसांच्या रक्ताच्या नळ्या यायच्या, दुपारी ऱ्हीसस माकडांच्या. नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून काढले की दोन्हींत खाली तांबड्या पेशी, वर पिवळसर द्राव आणि मधे पांढऱ्या पेशींचा तोच बारीक थर. नळीवरची चिठ्ठी निघाली असती तर नुसत्या डोळ्यांनी मला फरक सांगता आला नसता. म्हणूनच आमच्याकडे चिठ्ठी दोन ठिकाणी लावायची शिस्त होती.

नोकरीच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. टी-पेशी, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, मोजण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावरच्या सीडी३ या रेणूला चिकटणारे, रंग लावलेले प्रतिपिंड वापरतात. माणसांच्या नमुन्यांसाठी आम्ही यूसीएचटी-१ नावाचे वापरायचो. तेच मी एका माकडाच्या रक्तात घातले आणि यंत्राच्या पडद्यावर टी-पेशींची जागा रिकामी आली. हे जनावर मरायला टेकले आहे असे वाटून मी धावत वरिष्ठ बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “माकड ठणठणीत आहे. ही किल्ली त्या कुलपाची नाही.” माकडाचा सीडी३ माणसाच्या सीडी३ पेक्षा किंचित वेगळा असतो, म्हणून त्याला एसपी-३४ नावाचे दुसरे प्रतिपिंड लागते. पुढे कळले की ही तर सुरुवात होती. माणसात सीडी५६ ही खूण नैसर्गिक मारक पेशींची. ऱ्हीससमध्ये ती मोनोसाइट नावाच्या वेगळ्याच पेशींवर सापडते आणि मारक पेशी दुसऱ्या खुणांवरून ओळखाव्या लागतात. घर तेच, पण खोल्यांवरच्या पाट्या बदललेल्या.

माणूस आणि ऱ्हीसस यांचे पूर्वज साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. २००७ मध्ये ऱ्हीससचा जनुकसंच वाचून झाला तेव्हा तो आपल्याशी सुमारे ९३ टक्के जुळतो असे दिसले. बातम्यांत हा आकडा नेहमी येतो. पण उरलेला फरक सगळीकडे सारखा पसरलेला नाही. प्रतिकारशक्तीच्या जनुकांत तो दाट आहे, कारण दोन्ही घराण्यांना या काळात वेगवेगळ्या विषाणूंशी झुंजावे लागले. आपल्या पेशी विषाणूचे तुकडे टी-पेशींना दाखवतात त्या ‘ताटल्यां’ची जनुके घ्या. माणसात त्यांचे ए, बी आणि सी असे तीन मुख्य प्रकार. मकाक माकडांत (ऱ्हीसस याच कुळातला) सी नाहीच, उलट ए आणि बी यांच्या कितीतरी प्रती. म्हणजे एकाच विषाणूचे तुकडे दोन्ही शरीरांत वेगळ्या रीतीने वाढले जातात.

हे वाचताना कोणाला वाटेल की हे बारकावे तज्ज्ञांचे, वर्तमानपत्राला त्यांचे काय? म्हणून लंडनची घटना सांगते. मार्च २००६ मध्ये टीजीएन१४१२ नावाचे एक प्रतिपिंड-औषध पहिल्यांदा माणसांना देण्यात आले. सहा निरोगी तरुण. मात्रा माकडांना सहज सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याएवढी. तरी दीड-दोन तासांत सहाही जणांच्या प्रतिकारसंस्थेचा भडका उडाला, त्यांचे अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. ते औषध टी-पेशींवरच्या सीडी२८ या रेणूला चेतवणारे होते. माकडांना काही का झाले नाही, याचा उलगडा २०१० मध्ये झाला: त्या माकडांच्या एका प्रकारच्या सीडी४ स्मृतिपेशींवर, म्हणजे जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशींवर, सीडी२८ नसतोच. माणसाच्या त्याच पेशींवर तो असतो.

संपादक महोदय, सीडी२८ आणि सीडी९५ ही जोडी मी माकडांच्या नमुन्यांना रोज लावत होते. माकडाच्या स्मृतिपेशी ओळखायची ती आमची नेहमीची रीत, कारण त्यातल्या एका गटावर सीडी२८ दिसत नाही. पडद्यावर तो ठिपक्यांचा पुंजका मी हजारो वेळा पाहिला असेन. जे आमच्या रोजच्या वहीत होते, तेच त्या सहा मुलांच्या जिवावर आले. त्या औषधाशी आमचा काही संबंध नव्हता, तरी ही गोष्ट माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

आता एड्सकडे येते. या पत्रामागचे खरे कारण तिथेच आहे. माझ्या मावसभावाला एचआयव्हीची बाधा आहे. २००२ साली त्याने एका वर्तमानपत्रातले कात्रण मला दाखवले: एड्सच्या लसीने माकडांना वाचवले. लस त्याच्या स्वतःच्या उपयोगाची नाही हे त्याला ठाऊक होते. त्याच्या बायकोला बाधा नव्हती, तिच्यासाठी त्याने ते कापून ठेवले होते. “ताई, माकडांना लागू पडली म्हणजे आपल्याला पडणारच ना?” मी तेव्हा नीट उत्तर दिले नाही. आशा मोडावीशी वाटली नाही.

त्याला सांगायला हवे होते ते असे. एचआयव्ही ऱ्हीसस माकडात जगतच नाही. तिथे ट्रिम-५ अल्फा नावाचे प्रथिन पेशीत शिरलेल्या विषाणूचे कवच पकडते आणि त्याचा खेळ सुरू होण्याआधीच संपवते. हा शोध २००४ चा. आपल्यातही ते प्रथिन आहे, पण एचआयव्हीपुढे ते जवळजवळ निरुपयोगी. त्यातली ३३२ क्रमांकाची एकच कडी बदलली की माणसाचे प्रथिनही एचआयव्हीला अडवू लागते, हे पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत दिसले. एका अमिनो आम्लाचा फरक! त्यामुळे एड्सच्या लशी माकडांत तपासायच्या तर एचआयव्हीचा माकडांमधला भाऊबंद एसआयव्ही वापरावा लागतो, नाहीतर एसआयव्हीच्या अंगावर एचआयव्हीचे आवरण चढवून बनवलेला ‘शिव्ह’ हा संकरित विषाणू. २००२ च्या त्या प्रयोगातला शिव्ह ८९.६पी या जातीचा होता. लसीने काबूत ठेवायला तो सोपा निघाला, हे पुढे लक्षात आले. एसआयव्हीच्या हट्टी जातीसमोर तशाच लशीचे फळ माफक होते.

त्याच धाटणीची लस पुढे सुमारे ३,००० स्वयंसेवकांत तपासली गेली आणि सप्टेंबर २००७ मध्ये चाचणी थांबवावी लागली. तिने संसर्ग टाळला नाही, ज्यांना झाला त्यांच्या रक्तातला विषाणूही कमी केला नाही. इतकेच नव्हे, ज्यांच्या अंगात एका सर्दीच्या अॅडेनोव्हायरसविरुद्ध आधीपासून प्रतिपिंडे होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, अशा पुरुषांत लस घेतलेल्यांनाच संसर्ग जास्त झाला. लस त्याच अॅडेनोव्हायरसच्या पाठीवर बसवलेली होती. माणूस आयुष्यभर अशा सर्द्या काढतो. प्रयोगशाळेतल्या माकडाची माणसाच्या त्या विषाणूशी गाठच पडलेली नसते. जनुके बाजूला ठेवली तरी हा फरक उरतो: माणसाची प्रतिकारशक्ती जुन्या आजारांच्या आठवणींनी भरलेली असते, पिंजऱ्यात वाढलेल्या तरुण, निरोगी जनावराची बरीचशी कोरी.

एड्सच्याच ‘मोझेक’ नावाच्या लसीची गोष्ट तर याहून बोलकी. २०१८ मध्ये तिने ६७ टक्के माकडांना वारंवार दिलेल्या शिव्हपासून वाचवले. तीच लस माणसांना टोचली तेव्हा प्रतिपिंडांचे आणि टी-पेशींचे आकडे माकडांच्या आकड्यांशी मिळतेजुळते आले. सगळ्यांनाच हुरूप आला. मग आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या पाच देशांत २,६०० स्त्रियांवर चाचणी झाली आणि २०२१ मध्ये निकाल लागला: परिणामकारकता सुमारे २५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर नाहीच. रक्तातले आकडे जुळले, संरक्षण जुळले नाही. माकडांना दिलेला विषाणू एकाच वाणाचा होता. बाहेरच्या जगात एचआयव्हीची रूपे मोजता येणार नाहीत इतकी. आकडे काढण्यात आयुष्य घालवलेल्या मला हे पचवायला फार जड गेले.

ज्यांची बातमी कधीच छापून येत नाही अशा माकडांबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगबे माकडांच्या अंगात एसआयव्ही पिढ्यानपिढ्या आहे. रक्तात विषाणू भरपूर, तरी बहुतेकांना एड्स होत नाही. तीच गोष्ट आफ्रिकन ग्रीन माकडांची. आशियातल्या मकाकांकडे मात्र हा विषाणू रानात नव्हताच. बंदिवासात आफ्रिकी माकडांच्या सान्निध्यात तो त्यांना लागला आणि ती एड्सने मेली. फरक कशात आहे? विषाणू शिरला की दोघांच्याही शरीरात इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूची वर्दी देणाऱ्या प्रथिनांचा, धोक्याचा घंटानाद होतो. मँगबेच्या शरीरात तो काही आठवड्यांत थांबतो. मकाकाच्या आणि माणसाच्या शरीरात तो वाजतच राहतो. आतड्याचे अस्तर झिजते, त्यातून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात, प्रतिकारसंस्था लढून लढून स्वतःच झिजते. आपल्याकडे प्रतिकारशक्ती ‘वाढवण्या’च्या जाहिराती रोज दिसतात. मँगबे शिकवतो की वेळेवर थांबणे हेही प्रतिकारशक्तीचेच काम आहे. आणि याच मँगबेचा विषाणू माणसात आला तेव्हा तो एचआयव्ही-२ झाला. त्याच्या घरात निमूट राहणारा पाहुणा आपल्याकडे येऊन रोग झाला.

असे उलटेसुलटे पुष्कळ आहे. मकाकांमधला हर्पिस बी विषाणू त्यांच्या ओठावर फोड आणतो, फार तर इतकेच. माणसाला चावा किंवा ओरखड्यातून लागला आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर बहुतेक वेळा तो मेंदूपर्यंत जाऊन जीव घेतो. म्हणून आम्ही चेहऱ्यावर ढाल लावल्याशिवाय पिंजऱ्यांच्या खोलीत पाऊल टाकत नव्हतो, आणि ओरखडा आला की घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. उलट, आपल्या ओठावरचा साधा हर्पिस दक्षिण अमेरिकेतल्या चिमुकल्या मार्मोसेट माकडांना मारतो. १९८९ मध्ये सापडलेला रेस्टन इबोला मकाकांना मारतो, माणसाला लागला तरी आजारी पाडत नाही. माकडतापात मात्र दोघांचीही गत सारखीच: रानात माकडे आणि वानरे मरून पडू लागली की तो माणसांसाठीही इशारा असतो. आपल्या भाषेत माकड वेगळे, वानर वेगळे. चिंपांझी तर दोन्ही नव्हे. इतकी नेमकी भाषा हाताशी असताना बातमीत सरसकट ‘माकड’ का लिहावे?

जात न पाहता निष्कर्ष काढल्याचा सर्वांत जुना फटका पोलिओच्या वेळी बसला. पोलिओचा विषाणू माकडांत पहिल्यांदा गेला १९०८ मध्ये, व्हिएन्नात, लँडश्टायनर आणि पॉपर यांच्या हातून. तो मोठाच शोध होता. पण पुढे ऱ्हीसस माकडांना तोंडावाटे संसर्ग होईना, नाकावाटे होई. त्यावरून पोलिओ नाकातून थेट मेंदूत जातो असे कित्येक वर्षे मानले गेले. १९३७ मध्ये टोरंटोत हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारले. पोलिओ थांबला नाही, काही मुलांची वास घेण्याची शक्ती मात्र गेली. तो विषाणू माणसाच्या आतड्यात वाढतो, हे मेलेल्या रुग्णांच्या तपासणीतून १९४१ मध्ये स्पष्ट झाले. दुसऱ्या जातीच्या मकाकांत आणि चिंपांझींत तो तोंडावाटे लागतो, हेही दिसले. ऱ्हीससने खोटे सांगितले नव्हते. त्याने स्वतःबद्दल सांगितले, ऐकणाऱ्यांनी ते मुलांबद्दलचे मानले.

डेंग्यूचे तेच. माकडांच्या रक्तात डेंग्यूचा विषाणू वाढतो, पण गंभीर डेंग्यू त्यांना होत नाही. लस दिल्यावर रक्तातला विषाणू कमी झाला, हे माकड दाखवू शकते. पूर्वी कधीच डेंग्यू न झालेल्या मुलाला लस दिली तर पुढचा डेंग्यू अधिक बिकट होईल का, हे ते दाखवू शकत नाही. फिलिपाइन्समध्ये आठ लाखांहून अधिक मुलांना लस दिल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये, तसा धोका असल्याचे जाहीर झाले.

हे सगळे वाचून ‘मग माकडांवर प्रयोग करायचेच कशाला?’ असे पत्र तुमच्याकडे येईल. ते मला मान्य नाही, आणि मी त्या प्राण्यांना रोज पाहिलेली बाई आहे. पिवळा ताप ज्याला होतो असे माकड १९२७ मध्ये सापडले नसते तर १९३७ ची १७डी लस झाली नसती, आणि ती लस आजही वापरात आहे. तिथेही जातच महत्त्वाची ठरली: आफ्रिकेतली माकडे त्या तापाने फारशी आजारी पडत नाहीत, आशियातला ऱ्हीसस मरतो, म्हणून रोग त्याच्यात दिसला. इबोला मकाकांना माणसासारखाच मारतो. तिथे एका डोसात माकडे वाचली, आणि २०१५ मध्ये गिनीत रुग्णांच्या भोवतालच्या लोकांना लगेच तीच लस दिली तेव्हा दहा दिवसांनंतर त्यांच्यात एकही नवा रुग्ण आढळला नाही. विषाणू तोच आणि रोगाची वाट तीच असेल तेव्हा माकडाचा कौल फार मोलाचा असतो.

कोविडच्या वेळी तर माकडांनी आपल्याला आधीच सांगितले होते. २०२० च्या मे महिन्यात ऑक्सफर्डच्या लसीचे ऱ्हीससवरचे निष्कर्ष आले. लस दिलेल्या सहा माकडांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया नव्हता, पण नाकात विषाणूचे अंश लस न दिलेल्यांइतकेच होते. लस जीव वाचवेल, सर्दी आणि प्रसार पुरता थांबवणार नाही, हे त्या नाकांत लिहिलेले होते. मथळ्यांत फुप्फुसे आली, नाके गाळली गेली. वर्षभराने लस घेतलेल्यांनाही कोविड होऊ लागला तेव्हा लोक म्हणाले, आम्हाला फसवले. माझ्याच नात्यातल्या एकाने त्या रागात दुसरा डोस घेतला नाही. त्याला कोणीतरी नाकाची गोष्ट वेळेवर सांगायला हवी होती.

आणखी एक, आकड्यांबद्दल. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत कोव्हॅक्सिन २० ऱ्हीसस माकडांवर तपासली गेली, पाच-पाचाचे चार गट. माकडांच्या प्रयोगांत गट इतकेच लहान असतात, आणि तसेच असावेत, उगाच जास्त जीव घेऊ नयेत. पण पाचपैकी पाच वाचली याला ‘शंभर टक्के’ म्हटले की वाचकाची दिशाभूल होते. गणिताने पाहिले तर पाचपैकी पाच या निकालामागे खरे यश निम्म्याइतकेही असू शकते. शिवाय पाच-सहा किलोच्या जनावराला बहुतेक वेळा मोठ्या माणसाचा पुरा डोस मिळतो, आणि विषाणू अनेकदा प्रतिपिंडे शिगेला असताना, काही आठवड्यांतच दिला जातो. माणसाला संसर्ग लसीनंतर दोन वर्षांनीही गाठू शकतो.

मावसभाऊ आज औषधांवर बरा आहे, बायकोला अजूनही बाधा नाही. ते २००२ चे कात्रण त्याच्या औषधांच्या डब्यात आहे. तुमची रविवारची बातमी वाचून त्याचा फोन आला, प्रश्न तोच. या वेळी मी पाऊण तास बोलले.

सोबत त्या बातमीचे कात्रण जोडले आहे. प्रत्येक ओळीसमोर, समासात, पेन्सिलीने माझे प्रश्न लिहिले आहेत. ते कृपया ज्यांनी बातमी केली त्यांच्या हाती द्यावे. प्रयोगाचा मूळ निबंध मिळवला तर त्याच्या तक्त्यांत किंवा पुरवणीत प्राण्यांची जात, वय, वजन आणि प्रत्येक माकडाचा क्रमांक बहुतेक सापडेल. तिथून सुरुवात करता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ